ऊसतोड कामगारांचा पेशी-संधिशूल आणि न्यूरोमस्क्युलर मर्दन : एक चिकित्सकीय विचार

विषयप्रवेश

घोड व भीमा या नद्या आणि कुकडीचा कालवा यांच्या पाण्यावर श्रीगोंदा तालुका ऊस व लिंबू यांचा तालुका म्हणून उभा राहिला. नागवडे व कुकडी या सहकारी साखर कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि बीड, आष्टी, पाथर्डी, जामखेड या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येऊन दाखल होतात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो. पहाटे फडात उतरायचे, दिवसभर कमरेतून वाकून ऊस तोडायचा, पाचट सोलायचे, मोळी बांधायची आणि तीस-चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन वाहनावर चढवायची, हा क्रम चार-पाच महिने अखंड चालतो. स्त्रियांना त्याआधी व त्यानंतर चूल, पाणी व मुले यांचे काम असतेच. लिंबाच्या बागांतून तोडणी व वेचणी करणाऱ्या महिलांचे श्रमही याच जातीचे आहेत.

या भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये कटिशूल, मन्यास्तंभ, अंसशूल व जानुशूल यांचे रुग्ण हंगामात वाढतात, हा सर्वांचाच अनुभव आहे. या रुग्णाची अपेक्षा एकच असते, उद्या सकाळी फडावर जाता आले पाहिजे. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्यामुळे 'पंधरा दिवस विश्रांती घ्या' हा सल्ला त्याच्या दृष्टीने निरर्थक असतो. परिणामी वेदनाशामक सूचिका किंवा गोळी घेऊन तो पुन्हा कामावर जातो, आणि हंगामाअखेर आम्लपित्त, शोथ वा वृक्कविकार घेऊन गावी परततो. अशा रुग्णाला औषधाइतकाच वैद्याच्या हाताचा उपयोग होऊ शकतो. तो हात शास्त्रशुद्ध कसा चालावा, कोठे चालावा आणि कोठे चालूच नये, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

न्यूरोमस्क्युलर मर्दन : संज्ञा व इतिहास

सर्वांगाला तेल लावून केलेले सामान्य मालीश आणि न्यूरोमस्क्युलर मर्दन यांत मूलतः भेद आहे. पहिल्याचा हेतू श्रमपरिहार व शरीरपोषण हा असतो. दुसऱ्यात वैद्य अंगठ्याने वा बोटांनी विशिष्ट पेशी चाचपतो, तिच्यातील कठीण, ताणलेला व स्पर्शासह भाग शोधतो आणि नेमका तेवढाच भाग मोजक्या दाबाने शिथिल करतो. येथे परीक्षण आणि चिकित्सा एकाच वेळी, एकाच हाताने घडते.

या पद्धतीची युरोपातील मांडणी १९३० च्या दशकात लंडन येथे स्टॅन्ली लीफ व बोरिस चायटो या एकमेकांच्या नात्यातील दोन निसर्गोपचारतज्ज्ञांनी केली. आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, त्या काळी पॅरिस येथे देवनचंद वर्मा नावाचे भारतीय आयुर्वेद चिकित्सक 'प्राणोथेरपी' या नावाने हस्तचिकित्सा करीत असत. त्यांच्या कार्याचा प्रभाव लीफ व चायटो यांच्यावर पडला, असे याच कुटुंबातील लिऑन चायटो यांनी आपल्या ग्रंथांत नमूद केले आहे. अमेरिकेत रेमंड निमो यांनी स्वतंत्रपणे अशीच पद्धती विकसित केली. पुढे जेनेट ट्रॅव्हेल यांनी पेशींमधील वेदनाबिंदूंचा सविस्तर अभ्यास केला. १९६१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य म्हणून नियुक्त झालेल्या त्या याच. डेव्हिड सायमन्स यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३ मध्ये व दुसरा १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. आज जगभर या चिकित्सेचे जे नकाशे वापरले जातात ते बहुतांशी या ग्रंथावर आधारलेले आहेत.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानातील अनागतबाधाप्रतिषेध अध्यायात अभ्यंग, उद्वर्तन, उत्सादन, उद्घर्षण व संवाहन यांचे वेगवेगळे गुण सांगितले आहेत. यावरून हाताच्या प्रत्येक क्रियेचे फळ निराळे आहे, ही दृष्टी आपल्या शास्त्रात प्रथमपासून होती हे दिसते. संवाहन हे निद्राकर, श्रमहर व कफवातघ्न असून त्याने मांस, रक्त व त्वचा प्रसन्न होतात, असा त्यांचा अभिप्राय आहे. चरकाचार्य सूत्रस्थानात स्पर्शनेंद्रियात वायूचे आधिक्य सांगतात व त्वचा हे त्याचे अधिष्ठान मानून अभ्यंगाची उपयुक्तता सिद्ध करतात.

डल्हणाचार्यांची टीका तर व्यवहारात थेट उपयोगी पडणारी आहे. अभ्यंगातील स्नेह ३०० मात्रांमध्ये रोममूलापर्यंत, ४०० मध्ये त्वचेपर्यंत, ५०० मध्ये रक्तापर्यंत, ६०० मध्ये मांसापर्यंत, ७०० मध्ये मेदापर्यंत, ८०० मध्ये अस्थीपर्यंत व ९०० मध्ये मज्जेपर्यंत पोहोचतो, असे ते म्हणतात. सर्वसाधारण गणनेनुसार ९०० मात्रा म्हणजे सुमारे पाच मिनिटे होतात. याचा शब्दशः अर्थ घ्यावा की नाही याविषयी मतभेद असू शकतील, परंतु चिकित्सकाने एका अवयवावर पुरेसा काळ हात ठेवावा, हा उपदेश निर्विवाद आहे. दोन मिनिटांत संपूर्ण पाठ चोळून मोकळे होणाऱ्या परिचारकाकडून मांसगत वाताचे शमन होणे नाही.

येथे एका शब्दाविषयी सावध राहणे आवश्यक आहे. आजच्या मराठीत 'स्नायू' म्हणजे मांसपेशी असे समजले जाते. संहितेतील स्नायू मात्र बंधन करणारा, दोरीसारखा वा पट्ट्यासारखा भाग असून तो प्रतानवती, वृत्त, पृथु व सुषिर असा चार प्रकारचा आहे. मांसपेशी ५०० व स्नायू ९०० असा सुश्रुतसंहितेतील स्वतंत्र निर्देश सर्वांना ज्ञात आहेच. म्हणून या लेखात 'पेशी' हा शब्द मांसपेशीसाठीच योजला आहे.

वेदनाबिंदू : स्वरूप व संप्राप्ती

पाश्चात्त्य वैद्यक ज्याला ट्रिगर पॉइंट म्हणते त्याला आपण वेदनाबिंदू म्हणू. त्याची लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत. पेशीमध्ये दोरीसारखा ताठ पट्टा हाताला लागतो. त्या पट्ट्यावर एक ठिकाण अत्यंत स्पर्शासह असते. तेथे दाब दिला असता रुग्ण 'हेच ते दुखणे' असे म्हणतो, आणि पुष्कळदा वेदना त्या जागेपासून दूर अन्यत्र पसरते. पट्टा बोटाखालून आडवा सरकवला तर पेशी क्षणभर फडफडते.

याच्या उत्पत्तीविषयी सायमन्स यांचा सिद्धांत असा : अतिश्रमाने नाडीच्या अग्राशी ॲसिटिलकोलीनचा स्राव अधिक होतो. त्यामुळे पेशीचा सूक्ष्म भाग आकुंचित स्थितीतच राहतो. आकुंचनामुळे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात व प्राणवायूचा पुरवठा घटतो. शिथिल होण्यासाठीही पेशीला ऊर्जा लागते, आणि पुरवठाच घटल्याने ती मिळत नाही. अशा रीतीने आकुंचन, अल्प रक्तपुरवठा व वेदना यांचे चक्र सुरू राहते.

चरकाचार्यांनी वातप्रकोपाची दोन कारणे सांगितली आहेत, धातुक्षय आणि मार्गावरोध. ऊसतोड कामगारात ही दोन्ही एकत्र नांदतात. अतिव्यायाम, भारवहन, अल्प व रूक्ष आहार, रात्रीचे जागरण व थंडीत पहाटेचे काम यांनी धातुक्षयजन्य वातप्रकोप होतो, आणि आकुंचित पेशीत व्यानवायूचा मार्ग अवरुद्ध होतो. केवळ बृंहण केले तर अवरोध सुटत नाही आणि केवळ दाबून अवरोध सोडविला तर क्षय भरून येत नाही. मर्दन, स्नेहन, स्वेदन व आहार यांची एकत्र योजना का करावी याचे उत्तर या संप्राप्तीतच आहे.

मर्म आणि वेदनाबिंदू एक नव्हेत

अलीकडे मर्मचिकित्सा या नावाने कोणताही दुखरा बिंदू दाबण्याची प्रथा पडू लागली आहे. सुश्रुतसंहितेतील १०७ मर्मे ही प्राधान्याने अभिघातापासून रक्षण करावयाची स्थाने आहेत. मांसमर्म ११, सिरामर्म ४१, स्नायुमर्म २७, अस्थिमर्म ८ व संधिमर्म २० ही विभागणी शल्यतंत्राच्या दृष्टीने केलेली आहे. मर्माचे स्थान प्रत्येक शरीरात निश्चित असते. वेदनाबिंदू मात्र रुग्णागणिक व श्रमागणिक बदलतो आणि चिकित्सेनंतर नाहीसा होतो. म्हणून दोहोंचे समीकरण मांडू नये.

उलट एक साम्य आवर्जून ध्यानात ठेवावे. आधुनिक हस्तचिकित्सक ज्या जागी खोल दाब निषिद्ध मानतात, त्यांपैकी अनेक जागी आपल्या आचार्यांनी मर्मे सांगितली आहेत. कंठाच्या दोन्ही बाजूंस नीला, मन्या व मातृका आहेत, तेथे मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या असतात. काखेच्या परिसरात कक्षाधर, वंक्षणाशी विटप व लोहिताक्ष, गुडघ्याशी जानु आणि पोटरीच्या मध्यभागी इंद्रबस्ति आहे. या ठिकाणी अंगठा रोवण्यापूर्वी वैद्याने थांबावे, हा संकेत दोन्ही शास्त्रे देतात.

श्रमानुसार वेदनेचे स्वरूप

वेदना जेथे आहे तेथेच तिचे मूळ असते असे नाही. पुढील वर्णन ट्रॅव्हेल व सायमन्स यांच्या नकाशांना आपल्या भागातील श्रमांची जोड देऊन केले आहे.

१) डोक्यावर मोळी वाहणारे : मानेपासून खांद्याकडे जाणारी ट्रॅपिझियस पेशी ताठरते. वेदना मानेच्या बाजूने वर चढून शंखप्रदेशी जाते व रुग्ण 'अर्धे डोके दुखते' अशी तक्रार करतो. अंसफलक वर उचलणारी पेशी आखडली तर मान एका बाजूस वळत नाही. हे मन्यास्तंभाचे नेहमीचे चित्र होय.

२) कोयता चालविणारे : मुठीची पकड सतत घट्ट राहिल्यामुळे प्रबाहूच्या मागील पेशींत वेदनाबिंदू निर्माण होतात. वेदना कोपराच्या बाहेरील बाजूस व हाताच्या पाठीवर जाणवते. अंसफलकाच्या मागील इन्फ्रास्पायनेटस पेशीतील बिंदू खांद्याच्या पुढील भागात खोल वेदना उत्पन्न करतो. रुग्ण खांदा पुढून दाखवतो, दोष मात्र मागे असतो.

३) वाकून तोडणारे व वेचणारे : कमरेच्या दोन्ही बाजूंस, बरगडी व कटीचे हाड यांच्यामध्ये असणारी क्वाड्रेटस लंबोरम ही पेशी प्रमुख दोषी ठरते. वेदना त्रिकास्थीच्या सांध्यात, नितंबात व कधी वंक्षणापर्यंत जाते. स्त्रियांमध्ये कंबर व ओटीपोट यांच्या अशा वेदनेचा संबंध लगेच गर्भाशयाशी जोडला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांवर मोठ्या प्रमाणावर झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात उपस्थित झाला व शासनाने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली, हे आपणा सर्वांना स्मरत असेल. प्रत्येक कटिशूल पेशीगत असतो असे मुळीच नाही, योग्य स्त्रीरोगपरीक्षण झालेच पाहिजे. परंतु अशा रुग्णेच्या कमरेच्या पेशी एकदाही चाचपल्या न जाता ती शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत पोहोचू नये, एवढे तरी आपण पाहू शकतो.

४) भार घेऊन चढउतार करणारे : नितंबातील ग्लुटियस मिनिमस पेशीतील बिंदूची वेदना मांडीच्या बाहेरून वा मागून घोट्यापर्यंत उतरते व गृध्रसीचा भास होतो. मांडीच्या आतील व्हॅस्टस मीडियालिस पेशीमुळे गुडघा दुखतो व मध्येच लचकतो. पोटरीतील सोलियस पेशी टाचेत वेदना पाठवते. टाच दुखते म्हणून केवळ टाचच चोळणाऱ्याला यश का येत नाही, ते यावरून समजेल.

परीक्षण व निषेध

मर्दनापूर्वी रुग्णाला किमान दहा मिनिटे द्यावीत. सर्वप्रथम साम-निराम अवस्था पाहावी. सकाळी तासाहून अधिक काळ राहणारा ताठरपणा, हाताच्या लहान सांध्यांना दोन्ही बाजूंस सारखी सूज, अंगमर्द, अरुची, ज्वर ही लक्षणे असल्यास आमवाताचा विचार करावा. आमवातात स्नेहाभ्यंग व खोल मर्दन वर्ज्य आहे. तेथे लंघन, दीपन-पाचन व वालुकापोट्टलीचा रूक्ष स्वेद योजावा, रक्तपरीक्षण करून घ्यावे व आवश्यक तेव्हा संधिरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. सांध्याचा नाश सुरुवातीच्या काळातच होत असल्याने येथील विलंब रुग्णाला महागात पडतो. ऊरुस्तंभातही स्नेहन निषिद्ध आहे, हे चरकाचार्यांनी स्पष्ट केले आहे. नवज्वर, अजीर्ण, कफग्रस्तता व नुकतेच शोधन झालेला रुग्ण यांनाही अभ्यंग वर्ज्य होय.

पुढील लक्षणांपैकी एकही आढळल्यास मर्दन न करता रुग्णास त्वरित योग्य ठिकाणी पाठवावे :

— मल-मूत्राचा अवरोध वा अनियंत्रण, गुदाभोवतालच्या भागात बधिरता, पायातील वाढत जाणारी दुर्बलता. ही कण्याच्या तळाशी असलेल्या नाड्यांवर दाब आल्याची लक्षणे असून यात तासांना किंमत असते.
— डावा खांदा, हात वा जबडा येथील वेदना, सोबत घाम, छातीवर ओझे, श्वासकष्ट. हृद्रोग प्रथम वगळावा. कष्टकरी रुग्ण 'मोळी उचलताना लचक भरली' असेच सांगतो.
— एकाच पोटरीस सूज, उष्णता व वेदना. शिरेत रक्ताची गुठळी असल्यास मर्दनाने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका आहे.
— रात्री विश्रांतीतही वाढणारी पाठदुखी, वजनातील घट, सायंकाळचा ज्वर. पृष्ठवंशाचा क्षय वा अर्बुद यांचा विचार करावा.
— अलीकडे झालेला अपघात, वृद्धावस्थेतील अस्थिक्षय, दीर्घकाळ स्टिरॉइड सेवनाचा इतिहास.

रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण, गर्भिणी, स्पर्शज्ञान कमी झालेले मधुमेही व त्वचाविकारग्रस्त यांच्या बाबतीत खोल दाब टाळावा. ज्याला दाब किती पडतो हे कळतच नाही, त्या रुग्णाच्या उत्तरावर विसंबून दाब ठरविता येत नाही.

विधी

पूर्वकर्म : रुग्णाने भोजन करून किमान दोन तास झालेले असावेत. वैद्याची नखे कापलेली व हात कोमट असावेत. प्रथम तेलाविना चाचपावे, कारण तेलाने बोट घसरते व पट्टा हाती लागत नाही. सापडलेले बिंदू केसपेपरवरील शरीराकृतीत नोंदवावेत. मानेची वा खांद्याची हालचाल कोठवर होते तेही लिहावे, म्हणजे पुढील वेळी तुलना करता येते.

प्रधानकर्म : (१) थोडे कोमट तेल घेऊन तळहाताने पेशीच्या दिशेने मंद अभ्यंग करावे. (२) चार बोटे स्थिर टेकवून अंगठा बोटांकडे सावकाश सरकवावा. सुमारे दोन इंचांचा हा प्रवास चार-पाच सेकंदांत व्हावा. जेथे ताण लागेल तेथे दाब किंचित वाढवावा, जेथे पेशी मऊ असेल तेथे कमी करावा. (३) बिंदू सापडताच त्यावर ८ ते १२ सेकंद स्थिर दाब द्यावा. वेदना दहापैकी पाच ते सात इतकीच असावी, हा मापदंड रुग्णास आधीच समजावून सांगावा. रुग्ण श्वास रोखू लागला किंवा अंग आक्रसू लागला तर दाब अधिक झाला असे समजावे. काही सेकंद विश्राम देऊन हा क्रम तीन-चार वेळा करावा. (४) त्यानंतर ती पेशी सावकाश ताणावी व सोडावी. हा टप्पा गाळल्यास बिंदू लवकर परत येतो. एका बैठकीत एका अवयवास पंधरा-वीस मिनिटे पुरेत.

'जितके दुखेल तितका गुण' हा समज रुग्णांत दृढ आहे व तालमीतील मालीशमुळे तो आपल्या भागात अधिकच रुजलेला आहे. पिळदार मल्लाच्या अंगाला मानवणारे मर्दन क्षीण व पांडुरोगी ऊसतोड महिलेस मानवणार नाही. बलाचा विचार करूनच हाताचे बल योजावे. अतिमर्दनाने पेशीस अभिघात होऊन वात अधिकच प्रकुपित होतो.

पश्चात्कर्म : भरपूर तेलाने मंद अभ्यंग करून नाडीस्वेद वा निर्गुंडीच्या पानांचा पत्रपोट्टली स्वेद द्यावा. त्यानंतर वारा लागू न देता अर्धा तास विश्राम व उष्णोदकपान सांगावे. दुसऱ्या दिवशी थोडे अंग दुखणे स्वाभाविक आहे, मात्र दोन दिवसांहून अधिक दुखल्यास पुढील दाब कमी करावा. आठवड्यातून एक-दोन बैठका योजाव्यात. तीन-चार बैठकांनंतरही काहीच फरक नसल्यास आणखी मर्दन न करता निदानाचाच पुनर्विचार करावा.

जानुगत संधिवाताविषयी दोन शब्द. झिजलेली कूर्चा मर्दनाने पुन्हा निर्माण होते असे रुग्णास कधीही सांगू नये. मांडीच्या पेशी शिथिल करणे, जानुबस्ति व नंतर त्याच पेशींचे बल वाढविणारा व्यायाम यांनी वेदना घटते व चालणे सुधारते. इतके आश्वासन प्रामाणिक आहे व पुरेसेही आहे.

औषधी योजना

बाह्योपचारार्थ तिळाचे तेल हा सर्वोत्तम व सर्वांना परवडणारा आधार आहे. क्षयजन्य अवस्थेत बला वा महानारायण तैल, गृध्रसीसदृश वेदनेत सहचर तैल, कफानुबंधात निर्गुंडी तैल वा कोट्टमचुक्कादि तैल योजावे. विषगर्भ तैलात वत्सनाभादी विषद्रव्ये असल्याने ते केवळ बाह्य वापरासाठी असून फुटलेल्या त्वचेवर लावू नये. कोयत्याच्या वा पाचटाच्या ओरखड्यांनी ऊसतोड कामगाराची त्वचा क्वचितच अखंड असते, याचे भान असावे.

आभ्यंतर चिकित्सेत महारास्नादि वा रास्नासप्तक क्वाथ, दशमूळ, त्रयोदशांग गुग्गुळ यांची अवस्थेनुसार योजना करावी. क्षीण रुग्णास अश्वगंधा दुधातून द्यावी. आमवातात सिंहनाद गुग्गुळ व शुंठी-एरंडस्नेह यांचा विचार व्हावा. पांडू असल्यास त्याची चिकित्सा प्रथम करावी, कारण रक्तच क्षीण असेल तर पेशीचे पोषण होणार कसे?

औषधविक्रेते बंधूंस विनंती

हा रुग्ण पुष्कळदा वैद्याआधी औषध दुकानाच्या दारात येतो. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके व प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडे ही चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हे कायद्याने सांगितलेलेच आहे. त्यामागचे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. दिवसभर उन्हात घाम गाळणारा व पाणी कमी पिणारा माणूस वेदनाशामके रोज घेऊ लागला तर त्याच्या वृक्कांना होणारी इजा कितीतरी वाढते. 'पाणी किती पिता? लघवी कमी होते का? पायाला सूज आहे का?' हे तीन प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट पुरते.

बाजारात लेबल नसलेल्या 'सांधेदुखीच्या पुड्या' आयुर्वेदाच्या नावावर विकल्या जातात. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याची उदाहरणे देशात वारंवार उघडकीस आली आहेत. दोन दिवसांत चमत्कार, मग चेहरा गोल होणे, रक्तातील साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हा त्यांचा क्रम आहे. अशा रुग्णास पुडी एकदम बंद करण्यास सांगू नये, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड अचानक थांबविल्यास जीवावर बेतू शकते. त्यास तातडीने चिकित्सकाकडे पाठवावे. गंधपूर तेलयुक्त मलमांविषयीही सावध असावे. त्यातील मिथाइल सॅलिसिलेट त्वचेतून शोषले जाऊन वॉरफरिनचा परिणाम वाढवते व रक्तस्रावाचा धोका निर्माण होतो. ज्या आयुर्वेदीय कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते, ती सूचना शोभेसाठी नाही, हेही ग्राहकास सांगावे.

विहार : फडावर पाळता येईल असे

काम बंद करता येत नसेल तर कामाची रीत थोडी बदलता येते. मोळी डोक्यावर घेताना चुंबळ जाड व मऊ असावी. मोळी दोघांनी मिळून उचलून द्यावी. उचलताना कंबर न वाकवता गुडघे वाकवावेत. कोयत्याला धार असावी, बोथट कोयता मनगट व खांदा यांची किंमत वसूल करतो. तासाभराने एकदा ताठ उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे झुकावे व मान दोन्ही बाजूंस सावकाश वळवावी. पाण्याचे भांडे फडातच ठेवावे. रात्री कोपीवर परतल्यावर कोमट तिळाच्या तेलाने पती-पत्नींनी एकमेकांची पाठ व पोटऱ्या दहा मिनिटे चोळाव्यात व गरम पाण्याने शेकावे. हे चोळणे हलक्या हाताचे असावे, बिंदूवरील दाब वैद्यानेच द्यावा. आहारात बाजरीच्या भाकरीबरोबर तेल-तूप, तीळ, गूळ-शेंगदाणे व डाळ यांचा समावेश असावा.

मर्यादा व समारोप

या चिकित्सेविषयी अतिशयोक्ती टाळणे आपल्याच हिताचे आहे. कटिशूलातील मर्दनावरील प्रयोगांचा कोक्रेन संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा असे सांगतो की, मर्दनाने अल्पकाळ वेदना कमी होते, परंतु उपलब्ध पुराव्याचा दर्जा कमी आहे व दीर्घकालीन लाभ स्पष्ट नाही. वेदनाबिंदूंच्या सिद्धांतावरही अनेक संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत. तपासणाऱ्या दोन व्यक्तींना एकच बिंदू सापडेल याची खात्री नसते, हा त्यांतील प्रमुख आक्षेप आहे. म्हणूनच हा उपचार एकट्याने पुरा पडत नाही. निदान, स्नेहन-स्वेदन, आहार, व्यायाम व श्रमाची रीत यांच्या जोडीनेच त्याला अर्थ आहे.

या आक्षेपांना उत्तर देण्याचे साधन आपल्या हाती आहे, ते म्हणजे नोंद. हंगामापूर्वी आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी एक साधा नोंदतक्ता ठरवावा. वेदनेचे स्थान, श्रमाचा प्रकार, दहापैकी वेदनेची तीव्रता, सापडलेली पेशी, बैठकांची संख्या, घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या व त्यांत पडलेला फरक एवढे रकाने पुरेत. ज्यांना लाभ झाला नाही त्यांच्याही नोंदी तितक्याच काटेकोरपणे ठेवाव्यात. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाने चालणारे आयुर्वेद महाविद्यालय आपल्या जिल्ह्यात १९१७ पासून उभे आहे. अशा नोंदी तेथील अभ्यासकांपर्यंत पोहोचल्यास त्यांतून पुढील संशोधनाला दिशा मिळेल.

सहकारी साखर कारखानदारीने या जिल्ह्याला समृद्धी दिली. त्या समृद्धीचा भार ज्यांच्या मानेवरून वाहिला जातो, त्यांची मान तपासण्यासाठी यंत्र लागत नाही, मोठे रुग्णालयही लागत नाही. सावध बुद्धी, शिकलेला अंगठा आणि वीस मिनिटांचा वेळ लागतो. येत्या हंगामात प्रत्येक वैद्यबंधू-भगिनीने आठवड्यातील एक सायंकाळ जवळच्या टोळीच्या कोपीवर द्यावी, अशी नम्र सूचना करून हे विवेचन येथे पूर्ण करतो.